अँटी-स्पायवेअर चार झालेत, ठेवायचं कुठलं?

मधली_ओळ

नमस्कार मंडळी,

मी घरून मुद्रितशोधनाचं काम करते, त्यामुळे कॉम्प्युटर दिवसभर चालू असतो. पण तो माझ्या एकटीचा नाही. सकाळी साडेसहा ते आठ तो नानांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या ताब्यात असतो. हा तपशील पुढे लागणार आहे.

यंत्र जुनं आहे. विंडोज १०, सातव्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम आणि फिरती हार्ड डिस्क. इतकी वर्षं कुरकुर न करता चाललं. गेला महिनाभर मात्र बटण दाबल्यापासून वर्डची फाइल उघडेपर्यंत सहा मिनिटं जातात. अंदाजे नाही, घड्याळ लावून मोजली. शिवाय उजवीकडे खालच्या कोपऱ्यात अधूनमधून एक लाल खिडकी वर येते आणि सांगते की तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस आहेत. दर वेळी पाचच. वाढत नाहीत, कमीही होत नाहीत.

काल हिशोबाला बसले तेव्हा कळलं की या एका यंत्राच्या राखणीला चौघे आहेत. पहिला विंडोजचा स्वतःचा डिफेंडर. दुसरा पैसे भरून घेतलेला अँटीव्हायरस (नाव सांगत नाही, उगाच वाद नको). त्याची मुदत बारा दिवसांनी संपतेय आणि ही गोष्ट तो मला दिवसातून तीनदा कळवतो. तिसरा स्पायबॉट, म्हणजे स्पायवेअर (चोरून पाळत ठेवणारे प्रोग्राम) शोधणारा, तोही जुनी १.६ आवृत्ती, नानांचा. मधे दोन कॉम्प्युटर बदलले, तो मात्र सीडीवरून प्रत्येक नव्या यंत्रावर आला. दर रविवारी नाना स्कॅन लावतात आणि सापडलेल्यांचा आकडा वहीत तारखेसह लिहितात. चौथा मालवेअरबाइट्स. लाल खिडकीला घाबरून मीच टाकला. त्याची १४ दिवसांची पूर्ण आवृत्तीची चाचणी चालू आहे, आज नववा दिवस.

सगळ्यांकडून स्कॅन करून घेतलं. पैसेवाल्याला काहीच सापडलं नाही. मालवेअरबाइट्सला ३ सापडले, तिन्ही मी मध्यंतरी टाकलेल्या एका फुकट पीडीएफ कन्व्हर्टरबरोबर आलेले. स्पायबॉटला १४३. डिफेंडर म्हणाला, पहाऱ्यावर दुसरं कुणीतरी आहे, मी बसून आहे.

नानांचा निकाल तयार आहे. "१४३ पकडणारा ठेव, बाकीचे काढ. एवढा काय विचार करायचा?"

मला हे पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही. माझ्या धंद्यातला अनुभव असा की एका पानावर १४३ चुका दाखवणारा माणूस एकतर फार हुशार असतो, नाहीतर प्रत्येक स्वल्पविरामाला चूक म्हणणारा असतो. यातला कुठला आहे ते कसं ओळखायचं? अँटीव्हायरस असताना अँटी-स्पायवेअर वेगळं लागतं का? आणि बारा दिवसांनी पैसे भरायचे का नाही?

---

रात्रपाळी

सॉफ्टवेअरचं नंतर बघू. आधी दोन गोष्टी तपासा.

एक, स्पायबॉटच्या निकालात प्रत्येक नोंदीच्या शेजारी अधिकचं चिन्ह असतं. ते उघडा आणि ते १४३ नेमके काय आहेत ते वाचा.

दोन, आणि ही जास्त निकडीची. त्या लाल खिडकीत खाली बारीक अक्षरांत काय लिहिलंय? ती पहिल्यांदा दिसली त्याच्या आसपास कुणी 'तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करा' असं सांगणाऱ्या पानावर काही केलं होतं का? केलं असेल तर नेमकं काय? नुसतं 'अलाउ' दाबलं, की विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबून, कंट्रोल-व्ही करून, एंटर मारायला सांगितलं होतं? या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिलं म्हणजे कटकट. दुसरं म्हणजे तुम्ही स्वतःच्या हाताने चोराचा आदेश चालवलात. तसं असेल तर आत्ता दुसऱ्या यंत्रावरून मेल आणि बँकेचे पासवर्ड बदला, बाकीचं उद्या.

नानांना विचारा. आणि रागावून विचारू नका, नाहीतर खरं सांगणार नाहीत. दिवसाला असे चार फोन घेतो, त्यावरून सांगतोय.

---

मधली_ओळ

रात्रपाळी, तुमचा प्रतिसाद वाचून पोटात गोळा आला. नाना जेवायला बसले होते, तरी तिथेच विचारलं. (रागावून नाही. निदान मला तसं वाटत होतं.)

त्यांना व्यवस्थित आठवत होतं. जुन्या नाटकांची ध्वनिमुद्रणं शोधत असताना एक पान आलं, मध्यभागी यंत्रमानवाचं चित्र, आणि खाली 'रोबोट नसाल तर अलाउ दाबा'. "मी रोबोट नाही, म्हणून दाबलं," हे त्यांचं उत्तर. विंडोज आणि आर वगैरे काही नाही. चारदा वेगवेगळ्या प्रकारे विचारलं, शेवटी तेच माझ्यावर वैतागले.

खिडकीच्या तळाशी क्रोमचं चिन्ह आहे आणि पुढे एका वेबसाइटचा पत्ता, अक्षरं अशी की मांजर कीबोर्डवरून चालत गेलंय. इतके दिवस मी फक्त वरचं लाल बघत होते. दुसऱ्यांच्या मजकुरातली तळटीप न तपासता कधी सोडत नाही आणि इथे स्वतःच्या पडद्यावरची सोडली.

पण एक कळत नाही. क्रोम बंद असतानाही ती खिडकी येते. मग ती क्रोमची कशी?

आता ते १४३. त्यातल्या १३९ कुकीज निघाल्या, जाहिरातवाल्यांच्या. उरलेल्या ४ नोंदी 'अलीकडे उघडलेल्या फाइलींची यादी' छापाच्या. म्हणजे मीच उघडलेल्या माझ्याच फाइली. हे नानांना अजून सांगितलेलं नाही.

---

जुना_माऊस

ताई, नानांना हसू नका. त्यांचा हिशोब चुकीचा नाही, जुना आहे. मी त्या काळातलाच, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

२००२ ते २००६ या दिवसांत घरोघरी विंडोज एक्सपी आणि इंटरनेट एक्सप्लोरर ६ होतं. पान उघडलं की अ‍ॅक्टिव्हएक्स (वेबपानाला कॉम्प्युटरवर प्रोग्राम चालवू देणारं तंत्र) काहीतरी आत सोडायचं, ब्राउझरच्या डोक्यावर टूलबारचे तीन-तीन मजले चढायचे, मुखपृष्ठ आपोआप बदलायचं. गेटर, कूलवेबसर्च ही त्या उपद्व्यापींची नावं आठवली तरी आजही डोकं उठतं. आणि अँटीव्हायरस कंपन्यांतल्या बऱ्याच जणी हे आपलं काम मानत नव्हत्या, कारण हा व्हायरस नव्हता. तो स्वतःची नक्कल करून पसरत नव्हता. उलट आपणच कुठल्यातरी अटी न वाचता 'मान्य' म्हटलेलं असायचं. त्या रिकाम्या जागेत अँटी-स्पायवेअर हा वेगळा प्रकार जन्माला आला. १९९९ मध्ये अ‍ॅड-अवेअर, २००० मध्ये स्टीव्ह गिब्सनचं ऑप्टआउट, मागोमाग पॅट्रिक कोलाचं स्पायबॉट. तेव्हाचा नियमच होता : एक अँटीव्हायरस, दोन अँटी-स्पायवेअर, आणि वर कुणीतरी हायजॅकधिसचा (यंत्रात काय काय घुसलंय त्याची यादी काढणारं साधन) लॉग वाचून देणारा. नाना तोच नियम पाळताहेत.

गंमत अशी की तुमचा डिफेंडर मूळचा याच बिरादरीतला. जायंट नावाच्या कंपनीचं अँटी-स्पायवेअर मायक्रोसॉफ्टने डिसेंबर २००४ मध्ये कंपनीसकट विकत घेतलं. विंडोज व्हिस्टामध्ये डिफेंडर आला तेव्हा तो फक्त स्पायवेअर बघायचा, व्हायरससाठी दुसरं काहीतरी घ्यावं लागायचं. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं तेव्हापासून तो पूर्ण अँटीव्हायरस झाला. तिथे ही दोन खाती एक झाली. आज कुठलाही बरा अँटीव्हायरस स्पायवेअर बघतोच आणि अँटी-स्पायवेअर म्हणून सुरू झालेले आता सगळंच बघतात. तेव्हा 'वेगळं लागतं का' याचं उत्तर, नाही.

कुकीजचं म्हणाल तर त्या काळी मोठा आकडा दिसला की गिऱ्हाईक खूश व्हायचं. कुकी हा धड प्रोग्रामसुद्धा नाही. ब्राउझरने जपलेली मजकुराची चिठ्ठी आहे ती. जाहिरातवाला तुम्हाला ओळखतो तो त्या चिठ्ठीवरून, हे खरं. पण ती तुमचा पासवर्ड टिपत बसत नाही. ती ब्राउझरच्या सेटिंगमधून पुसायची, त्यासाठी पहारेकरी लागत नाही. डिफेंडर कुकीज मोजत नाही म्हणून नानांना तो आळशी वाटतो.

आणि रविवारच्या स्कॅनबद्दल वाईट वाटून घेऊ नका, पण आजचा हेर रविवारपर्यंत थांबत नाही. पूर्वी तो घरात मुक्काम ठोकायचा, म्हणून आठवड्याने झडती घेतली तरी सापडायचा. आताचे लुम्मा किंवा रेडलाइनसारखे चोर येतात, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि लॉग-इनच्या कुकीज उचलतात आणि बऱ्याचदा काही मिनिटांत निघून जातात. (हो, लॉग-इनची कुकी मात्र चोराच्या हाती गेली तर महागात पडते. चिठ्ठी निरुपद्रवी, चिठ्ठी चोरणारा नव्हे.) मे २०२५ मध्ये लुम्मावर कारवाई झाली तेव्हा मायक्रोसॉफ्टने सांगितलं की त्याआधीच्या दोन महिन्यांत ३,९४,००० हून जास्त विंडोज कॉम्प्युटर त्याच्या तावडीत सापडले होते. म्हणून झडतीपेक्षा दारावरचा पहारा मोठा. तो जागा हवा आणि एकच हवा.

---

टिचकी

+१. फक्त 'फुकट ते पौष्टिक' असा अर्थ कुणी काढू नये म्हणून एक आठवण. अवास्टने आपल्या सुरक्षा-सॉफ्टवेअरमधून लोकांची ब्राउझिंगची माहिती गोळा करून जंपशॉट नावाच्या उपकंपनीमार्फत विकली. २०२० च्या जानेवारीत बोभाटा झाल्यावर जंपशॉट बंद केली आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. कुंपणानेच शेत खाल्लं ते हेच. तेव्हा कुठलंही ठेवा, पण सेटिंगमध्ये जाऊन 'माहिती इतरांना द्यायची का' या खुणा स्वतः बघा. ब्राउझरमध्ये 'सुरक्षित शोध' वगैरे नावाचं एक्स्टेन्शन चिकटवू बघत असेल तर नाही म्हणा.

अवांतर : फिरती डिस्क काढून एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) बसवा हो ताई. अर्धे व्हायरस तिथेच मरतील.

---

रात्रपाळी

नुसतं अलाउ असेल तर सुटलात. तो व्हायरस नाही, नोटिफिकेशनची परवानगी आहे. ती लाल खिडकी म्हणजे त्या वेबसाइटने पाठवलेली जाहिरात. चौघांपैकी एकालाही ती सापडली नाही, कारण डिस्कवर पकडण्यासारखी फाइलच नाही. परवानगी तुम्हीच दिलेली, पहारेकरी कुणाला अडवणार?

क्रोम बंद असताना का येते, तर क्रोम बंद नसतो. सेटिंग्जमध्ये 'सिस्टम' म्हणून भाग आहे, तिथे 'क्रोम बंद केल्यावरही मागे अ‍ॅप्स चालू ठेवा' अशा अर्थाचं बटण असतं. ते बंद करा. मग 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', त्यात 'साइट सेटिंग्ज', त्यात 'नोटिफिकेशन्स'. परवानगी दिलेल्यांच्या यादीत तो मांजरवाला पत्ता सापडेल. काढून टाका. आणखी चारपाच सापडले तर तेही काढा. मग वरती 'कुठल्याही साइटने विचारूच नये' हे निवडा. नानांना काही कमी पडणार नाही.

आता मूळ प्रश्न. पैसेवाला चांगला-वाईट हा मुद्दाच नाही, तुमच्या यंत्राला दोन जागे पहारेकरी झेपत नाहीत. फाइल उघडली की ती आधी पहारेकरी वाचतो, मग वर्डला देतो. दोघे जागे असले की एकाने वाचायला घेतलेली फाइल दुसराही तपासतो, कधीकधी एकमेकांच्याच फाइली तपासत बसतात. एसएसडीवर हे लपून जातं. फिरत्या डिस्कचं डोकं मात्र बिचारं इकडून तिकडे धावत राहतं. तुमच्याकडे पैसेवाला आणि मालवेअरबाइट्सची चाचणी, असे दोघे जागे आहेत. डिफेंडर शहाणा, दुसरा कुणी नोंदवला गेला की स्वतः बाजूला होतो.

मी तुमच्या जागी असतो तर मुदत वाढवली नसती. एकदोन माणसं, डाउनलोड मोजके, इतपत घराला डिफेंडर पुरतो. पैसेवाल्यात मुलांसाठीचं नियंत्रण, व्हीपीएन असलं काही तुम्ही खरोखर वापरत असाल तर गोष्ट वेगळी. काढताना आधी नेहमीच्या रस्त्याने काढा, मग त्याच कंपनीच्या साइटवरून त्यांचं साफ करायचं साधन घेऊन चालवा, कारण मागे ड्रायव्हर राहतात. रीस्टार्ट करा. 'विंडोज सिक्युरिटी' उघडून डिफेंडर पहाऱ्यावर आलाय ना हे डोळ्यांनी बघा. हे बघितल्याशिवाय नेटवर जाऊ नका.

मालवेअरबाइट्स ठेवा. चाचणीची मुदत संपली की तो पहारा सोडतो आणि फक्त बोलावल्यावर स्कॅन करतो. तुम्हाला तसाच हवाय. दुसऱ्या डॉक्टरचं मत म्हणून महिन्यातून एकदा बोलवा.

पीडीएफ कन्व्हर्टरबरोबर आलेल्या पाहुण्यांसाठी : विंडोज सिक्युरिटीत 'अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोल', त्यात 'रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन', तिथे 'पोटेन्शियली अनवॉन्टेड अ‍ॅप ब्लॉकिंग'. दोन्ही खुणा चालू करा. जुन्या यंत्रांवर ते बऱ्याचदा बंद पडलेलं असतं.

स्पायबॉट काढणार असाल तर आधी त्यातलं 'इम्युनाइझ' उलटं फिरवा, म्हणजे 'अनडू'. ते अडवायच्या साइट्सचे हजारो पत्ते विंडोजच्या होस्ट्स फाइलमध्ये लिहून ठेवतं. आधी प्रोग्राम उडवलात तर ते तिथेच राहतील आणि एखादी साइट का उघडत नाही म्हणून पुढच्या वर्षी इथेच धागा काढाल.

शेवटचं, आणि हे बाकी सगळ्याहून मोठं. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सातव्या पिढीचा प्रोसेसर आहे, म्हणजे विंडोज ११ च्या यादीत तुमचं यंत्र बसत नाही. डिफेंडरला नवे व्हायरस ओळखायची माहिती ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहील, पण ती राखणदाराची शिदोरी. भिंतीला, म्हणजे खुद्द विंडोजला, पडणारी भोकं त्याने बुजत नाहीत. वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी केली नसेल तर आजच सेटिंग्जमध्ये अपडेटच्या पानावर बघा.

---

मधली_ओळ

उशिरा लिहितेय, कारण सगळं करून बघायचं होतं.

मांजरवाला पत्ता सापडला. सोबत त्याचे आणखी सहा भाऊबंद होते. काढल्यापासून पाच व्हायरसही गेले. पैसेवाला काढला, त्यांचं सफाईचं साधन चालवलं, त्याने जाता जाता 'आम्हाला का सोडून चाललात' अशी प्रश्नावली उघडली, ती तशीच मिटली. मालवेअरबाइट्सची चाचणीही संपली. बटण दाबल्यापासून वर्डपर्यंत आता सव्वादोन मिनिटं. वाढीव अपडेटची नोंदणी झाली. टिचकी, एसएसडीचं तुम्ही म्हणता ते मनावर घेतलंय, पण हातातलं पुस्तक छपाईला गेल्याशिवाय यंत्र उघडायची माझी हिंमत नाही.

अडलं होतं ते नानांपाशी. डिफेंडरने पूर्ण स्कॅन केलं आणि शून्य दाखवलं. नाना म्हणाले, "शून्य मीसुद्धा दाखवीन." जागा आहे हे कशावरून?

शोधल्यावर कळलं की यासाठीच एक खोटा व्हायरस असतो. आयकार नावाची चाचणीची फाइल, एकूण ६८ अक्षरं. निरुपद्रवी, पण अँटीव्हायरसवाल्यांनी आपसांत ठरवलंय की ही दिसली की आरडाओरडा करायचा. डाउनलोड करण्यापेक्षा नोटपॅडमध्ये टाइप करून साठवू म्हटलं, नानांच्या डोळ्यांदेखत. अडुसष्ट अक्षरं म्हणजे माझ्यासाठी काय! टाइप केली, साठवली. काहीही झालं नाही. नाना काही बोलले नाहीत, फक्त चष्मा काढून पुसला.

मी घामाघूम. डिफेंडर बंद तर नाही? तो चालू होता. मग मूळ मजकूर दुसऱ्या खिडकीत उघडून, कामाचं प्रूफ तपासते तसं एकेका अक्षरावर बोट ठेवत गेले. तिसऱ्याच अक्षराला अडकले. तिथे इंग्रजी मोठा ओ आहे आणि मी शून्य टाइप केलं होतं. बावीस वर्षं हेच काम करतेय.

ओ केला, पुन्हा साठवली. ती फाइल फोल्डरमध्ये मला नीट दिसलीसुद्धा नाही, डिफेंडरने उचलून कोठडीत टाकली आणि कोपऱ्यात खिडकी आली. नानांनी आधी तिची तळाची ओळ वाचली, विंडोज सिक्युरिटी लिहिलंय ना बघितलं, मग मान डोलावली.

स्पायबॉट काढलेला नाही. ते मी करणार नाही. इम्युनाइझ तेवढं उलटं फिरवलं, आणि तो आपोआप सुरू होणार नाही अशी व्यवस्था केली. या रविवारी नानांनी वहीत लिहिलं : डिफेंडर १, स्पायबॉट १५१. डिफेंडरच्या एकासमोर कंसात 'सुनबाईंनी टाकलेला'.